"येतं त्याला, मुद्दाम करत नाही"

हे वाक्य मी ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांकडून इतक्या वेळा ऐकते की आता लिहायचंच ठरवलं. घरोघरी फक्त वस्तू बदलते, कुठे शर्टाची बटणं, कुठे डबा उघडणं, कुठे नुसतं स्वतःचं नाव सांगणं. काल केलं ना, मग आज काय झालं?

मल्हारच्या (नाव बदललंय) घरी बूट होते. धायरीत राहणारं कुटुंब, मुलगा आठ वर्षांचा, बाबा चाकणला कंपनीत. आई म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी खाली जायचं असलं की स्वतः घालतो, आणि सकाळी व्हॅन आली की बूट हातात धरून नुसता बसतो, मग किंचाळतो. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलंय." बाबांचं मत एका शब्दात, नाटकं.

चॉकलेट देऊन झालं होतं, स्टारचा चार्ट झाला होता, टीव्ही बंद करून झाला होता. माझं यावर ठाम मत आहे, आधी मुलाचं शरीर आणि त्याच्या आजूबाजूचं बघायचं, वागणुकीचं नंतर. म्हणून म्हटलं, सकाळचा व्हिडिओ काढून आणा. आणला. तो मी त्यांना बघू दिला नाही, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि फक्त ऐका म्हटलं.

कुकरची शिट्टी, मिक्सर, आजींची टीव्हीवरची आरती, खाली व्हॅनचा हॉर्न, आणि या सगळ्यावर आईबाबांचा आवाज, "बूट घाल, मल्हार बूट घाल, अरे बूट!" संपलं तरी दोघं गप्प. मग बाबा हळूच म्हणाले, "आमच्या लाईनवर चार पार्ट एकाच वेळी यावे लागतात. एक लेट झाला की लाईन थांबते. तो ऑपरेटरचा आळशीपणा नसतो."

इतकी वर्षं मी हे समजावतेय, पण इतकं नेमकं मलाही कधी सांगता आलं नव्हतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "आणि आम्ही त्यालाच ओरडत होतो."

आता या चार पार्टबद्दल. बूट घालायला आधी कानाडोळ्यांनी आलेलं नीट लावावं लागतं, मग कसं घालायचं ते आठवावं लागतं, मन शांत असावं लागतं आणि शेवटी हात हलावे लागतात. मेंदूत याची ठिकाणं वेगवेगळी आहेत. अमिग्डाला धोका आहे का ते पटकन ताडतो, हिप्पोकॅम्पस आठवण जागेसकट साठवतो, लहान मेंदू हालचालीचं टायमिंग सांभाळतो. ऑटिझममध्ये या लांबलांबच्या भागांचा आपसातला मेळ वेगळ्या पद्धतीने बसतो असं संशोधनातून दिसतं, लहान मेंदूतल्या पर्किन्जे नावाच्या मोठ्या चेतापेशीही बऱ्याच अभ्यासांत कमी आढळल्यात. म्हणजे बूट घालायचं कौशल्य गेलेलं नसतं, त्या क्षणी हाताशी येत नाही.

हे काही नवीन खूळ नाही. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन करणाऱ्यांपैकी एक, बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर, यांनी 1943 साली 11 मुलांवर लिहिलं त्यातही मोठ्या आवाजांची भीती आहे, पण संवेदनांचा मुद्दा निदानाच्या निकषांत, म्हणजे डीएसएम-5 या अमेरिकन मनोविकार निदान-पुस्तकात, यायला 2013 उजाडलं. हालचाल सुरू करताना अडकणं, हात नीट न वळणं, हे तर निकषांत अजूनही नाही, म्हणून शाळेत त्याला सरळ हट्टीपणा म्हणतात.

मल्हारकडे आम्ही केलं ते साधं होतं. बूट स्वयंपाकघराजवळून हलवून त्याच्या खोलीत, कुकर व्हॅन गेल्यावर, आणि बोलायचं एकानेच, एकदाच, मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं बरं का, आपल्याला वाटतं ऐकलं नाही म्हणून आपण परत बोलतो, आणि त्याचं आत जे जुळत आलेलं असतं ते परत विस्कटतं. त्यापेक्षा बूट त्याच्या पायाशी ठेवा, टाचेला हलकासा हात लावा, बऱ्याचदा हालचाल तिथून सुरू होते. आणि मूल किंचाळत असताना काही शिकवू नका, तेव्हा फक्त आवाज कमी आणि माणसं कमी. हातांच्या कामासाठी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं जमवायला शिकवणारे) जरूर दाखवा. पण येणारी गोष्ट सगळीकडेच, दिवसचे दिवस येईनाशी झाली, किंवा मूल मध्येच शून्यात जातंय असं वाटलं, तर माझ्याकडे नाही, आधी डॉक्टरांकडे जा, ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं.

बाबांनी विचारलंच, "मग शिस्त लावायचीच नाही का?" म्हटलं, लावा की, पण ज्या वेळी त्याला जमतं त्या वेळी लावा, संध्याकाळी आधी बूट मगच खाली हा नियम पक्का ठेवा.

आता मल्हार सकाळी बहुतेक दिवस स्वतः बूट घालतो. गणपतीच्या आधी ढोल पथकांची प्रॅक्टिस रात्री उशिरापर्यंत चालते, त्याच्या दुसऱ्या दिवशी जमत नाही, तेव्हा आई घालून देते आणि त्यावर घरात कोणी काही बोलत नाही, सासूबाईसुद्धा.