पाय कुठपर्यंत गार आहेत?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. यंदा अंबाजोगाईहून बालरोगशास्त्रात एमडी झालो. वय २९. मला लहान मुलांच्या आयसीयूतच काम करायचं आहे. नीट-एसएस या प्रवेशपरीक्षेला बसून तीन वर्षांचं डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) करू, की एक वर्षाची फेलोशिप घेऊन कामाला लागू? एक मित्र अमेरिकेला चल म्हणतो. वडील म्हणतात, शिक्षण खूप झालं, तालुक्याला दवाखाना टाक. धाकट्या बहिणीचं लग्नही व्हायचं आहे. काय करू?

उत्तर : तुला अरे-तुरेच करते, माझ्या रेसिडेंटच्या वयाचा आहेस.

आधी कागदावरचं सांगते, कारण वडील वर्षं मोजणार. डीएम आणि त्याच्याच तोडीचं डीआरएनबी दोन्ही तीन वर्षांचे, दोन्हीकडे नीट-एसएसमधून जावं लागतं; फक्त एम्स, पीजीआय अशा केंद्रीय संस्थांच्या डीएमची परीक्षा वेगळी, आयएनआय-एसएस. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि ही तीन, अशी साडेअकरा वर्षं धर, शिवाय राज्याच्या सक्तीच्या सेवेचा बाँड. या तीन वर्षांत विद्यावेतन मिळतं, त्यामुळे तू घरावर भार होणार नाहीस, हे वडिलांना नीट समजावून सांग. एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत ते क्रिटिकल केअर सोसायटीचे आणि इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या अतिदक्षता शाखेचे. त्यांतून फार चांगले डॉक्टर तयार झालेले मी पाहिलेत, खासगी रुग्णालयात कामही मिळतं. पण उद्या मेडिकल कॉलेजात हा विषय शिकवायचा असेल तर डीएम किंवा डीआरएनबी हवं. अमेरिकेत तज्ज्ञ म्हणून मान्यता देणारी बोर्डाची परीक्षा द्यायची तर बालरोगाची तीन वर्षांची रेसिडेन्सी साधारणपणे पुन्हा पहिल्यापासून, मग फेलोशिपची आणखी तीन. इंग्लंडमध्ये एमटीआय नावाची योजना आहे, तिच्यात बाहेरचे डॉक्टर जास्तीत जास्त दोन वर्षं शिकून परत जातात.

एवढं तुला कोणीही सांगेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

मी आधी एका खासगी रुग्णालयात वर्षभर फेलो, म्हणजे बालरोगतज्ज्ञ होऊन पुढचं शिकणारी डॉक्टर, होते. नाव लिहीत नाही. बारा खाटा, रात्री मी एकटी, कन्सल्टंट फोनवर. एका रात्री चार वर्षांची मुलगी आली. दोन दिवसांचा ताप, हातपाय गार, नाडी हाताला जेमतेम लागणारी. मी फोन लावला. "बोलस दे." बोलस म्हणजे शिरेतून भराभर दिलेलं सलाईन. दिला. पाय गारच. पुन्हा फोन, पुन्हा बोलस. पहाटे चारला तिच्या तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. तिचं हृदयच दमलेलं होतं. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज, होता आणि मी त्यावर सलाईन ओतत होते. हृदयाला पाणी झेपेनासं झालं की यकृत फुगून खाली येतं, ते किती खाली आलंय हे प्रत्येक बोलसनंतर पोटाला हात लावून बघायचं असतं. मला ते पुस्तकातून माहीत होतं, पण त्या रात्री सुचलं नाही. सुचवायला शेजारी कोणी नव्हतं. मुलगी गेली. सकाळच्या राउंडला त्यावर कोणी एक शब्द काढला नाही आणि दुपारी त्या खाटेवर दुसरं मूल आलं. त्या वर्षात मी राबले, शिकले काहीच नाही.

नंतर ज्या विभागात गेले, तिथले सर रात्री बोलावलं की यायचे, आणि न बोलावताही यायचे. तापाच्या पाचव्या दिवशी, ताप उतरल्यावर शॉकमध्ये गेलेला, म्हणजे शरीराला रक्त पुरेनासं झालेला, डेंग्यूचा आठ वर्षांचा मुलगा होता. मी मॉनिटरकडे बघत होते. सरांनी विचारलं, "पाय कुठपर्यंत गार आहेत?" मी तळव्याला हात लावून म्हटलं, "गार आहेत सर." ते म्हणाले, "कुठपर्यंत, ते विचारलं." मग त्यांनी माझा हात धरून उलटा केला आणि माझ्या बोटांची पाठ त्या मुलाच्या घोट्यापासून वर सरकवत नेली. गुडघ्याच्या चार बोटं खाली गारवा संपला आणि ऊब लागली. तिथे त्यांनी बॉलपेनने आडवी रेघ ओढली, बाजूला वेळ लिहिली. तासाभराने पुन्हा तेच. सलाईन मोजून, दर तासाला बदलून चाललं होतं. उजाडेपर्यंत त्या नडगीवर एकाखाली एक पाच रेघा झाल्या, शेवटची घोट्याच्या हाडावर. मुलाची आई रात्रभर स्टुलावर बसून त्या रेघाच बघत होती. मॉनिटरचे आकडे तिला कळत नव्हते, रेघा कळत होत्या.

गार पाय तीन वेगळ्या आजारांत सारखेच दिसतात आणि उपचार तीन तऱ्हेचे असतात, म्हणून एवढं लिहिते. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर गेलेलं असतं, ते हिशेबाने भरून काढायचं. मायोकार्डायटिसमध्ये तेच पाणी घात करतं. तुझ्या बीड-धाराशिवकडे लाल विंचू चावलेलं मूल घामाने निथळत येईल, त्याचेही पाय बर्फासारखे असतील. तिथे विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन वापरून दाखवलं. साधी, स्वस्त गोळी. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची कसोटीही हातापायांचीच आहे : ते गरम आणि कोरडे होईपर्यंत गोळीचे डोस द्यायचे. जगभर ओळखलं गेलेलं हे काम रायगड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी झालंय, हेही वडिलांना सांग. दवाखाना टाकणं आणि मोठं काम करणं यांत वैर नाही.

परदेशाबद्दल माझं मत विचारशील तर शिकायला जरूर जा, पण तिथलं जसंच्या तसं इथे लावू नकोस. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ताप आणि शॉकची लक्षणं असलेली ३,१४१ मुलं होती. श्रीमंत देशांच्या रिवाजाप्रमाणे ज्यांना भराभर बोलस दिले, त्यांतली सुमारे साडेदहा टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना बोलस दिले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर नव्हते. तो निबंध वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती चार वर्षांची मुलगी आली. आता नव्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की जिथे आयसीयूची सोय नाही आणि मुलाचं बीपी टिकून आहे, तिथे बोलस देऊ नये.

म्हणून माझा सल्ला असा. नीट-एसएस दे, आयएनआय-एसएसही दे, एकदा नाही झालं तर दुसऱ्यांदा दे. चंदीगडच्या पीजीआयसारखी जागा मिळाली तर घर लांब पडतं म्हणून सोडू नकोस. नाहीच जमलं तर एक वर्षाचा अभ्यासक्रम घे, पण प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन एक रात्र काढ. परवानगी मागितलीस तर चांगला विभाग नाही म्हणत नाही. रात्री दोन वाजता श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आली तर फेलोच्या मागे कोण उभं असतं ते बघ. एका सिस्टरकडे किती मुलं आहेत ते मोज. मूल दगावलं तर त्यावर सगळ्यांची बैठक होते का, हे आत्ता शिकत असलेल्या फेलोला बाहेर चहाला नेऊन विचार. तो उत्तर द्यायला घुटमळला तर तेच उत्तर समज. व्हेंटिलेटर कोणत्या कंपनीचे आहेत हे विचारूही नकोस.

बहिणीच्या लग्नाला मात्र रजा काढ. आत्ताच सांगून ठेव, तिथेही आणि घरीही.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी पुण्यात लहान मुलांच्या आयसीयूत फेलो आहे. फोनवर "जेवले" म्हणते, पण आवाज तिचा वाटत नाही. दिवाळीला दोन दिवस घरी आली, तर शेजारणीचं तीन महिन्यांचं बाळ तिने हातातसुद्धा घेतलं नाही. हिला बाळांचं किती वेड होतं! हे शिक्षण सोड म्हणू का? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, तुम्ही बाळाचं टिपलंत, ते बरोबर टिपलंत. मला या कामात काही महिने झाले होते तेव्हा बहिणीचं बाळ पाळण्यात झोपलं की मी त्याच्या छातीकडे बघून श्वास मोजत बसायचे. ते निरोगी होतं. मला निरोगी मूल बघायची सवयच राहिली नव्हती.

आमचा विषयच असा सुरू झाला आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं गुदमरत होती, त्यांत मुलं फार. यंत्रं पुरेनात. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास दिला आणि ती वाचली. मग मेडिकलचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने येऊन एकेका पेशंटच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले, दिवसरात्र, महिनोन् महिने. आणि ज्याला आपण श्वास देतोय तो आपल्याच हाताखाली जाताना त्यातल्या कित्येकांनी पाहिला. तुमची मुलगी त्यांच्याच ओळीत बसलेली आहे.

सोड म्हणू नका, निदान आत्ता नाही. फोनवर जेवणाखेरीज आणखी एक विचारा : "आज किती नंबरच्या खाटेवर जीव अडकलाय?" सुरुवातीला ती टाळेल, मग सांगेल. सांगितलं तर उपाय सुचवू नका, "होईल बरं" म्हणू नका, नुसतं ऐका. माझी आई दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारायची, "सात नंबर कसा आहे गं?" त्या एका वाक्यावर माझी ड्युटी निघायची.

पण झोप उडाली असेल, खाणं तुटलं असेल किंवा "मी नसलेलीच बरी" अशा अर्थाचं काही ती बोलली, तर वाट बघू नका. पुण्याला जा, तिच्याजवळ राहा, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक अहोरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरने डॉक्टरकडे जायला लाजू नये, हे तिला माझ्याकडून सांगा.

प्रश्न : माझा मुलगा आठ दिवस आयसीयूत होता. मोठे डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, बाकी वेळ "फेलो" म्हणून एक तरुण डॉक्टर. शिकाऊ माणसाच्या हाती मूल देणं योग्य आहे का? (नाशिक)

उत्तर : तो तरुण डॉक्टर शिकाऊ असला तरी पूर्ण बालरोगतज्ज्ञ असतो. एमबीबीएस, मग बालरोगाची पदवी, आणि त्यावर तो हे शिकत असतो. तुमच्या मुलाच्या लघवीचा तासातासाचा हिशेब त्यालाच तोंडपाठ असतो, म्हणून बारीक बदल आधी त्याच्याच लक्षात येतो. तुम्ही दोन गोष्टी विचारायच्या, आणि हक्काने विचारायच्या. रात्री काही झालं तर मोठे डॉक्टर किती मिनिटांत पोचतात? आणि त्या रात्री ड्युटीवर असलेल्या फेलोचं नाव काय? नाव घेऊन हाक मारा. तो थांबेल, स्टूल ओढून बसेल आणि तुम्हाला नीट समजावून सांगेल.