पायावर जुन्या भाजल्याच्या वणावरची जखम सात महिने भरत नाही, शुगर नॉर्मल आहे. बायोप्सी केली तर कॅन्सर पसरतो का?

नाही पसरत. वण भाजल्याचा आहे म्हणताय म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथं नुसता वाचतो.

कागल साईडला आमचं गुऱ्हाळ होतं. १९८७ ला काहील (गुळाची मोठी कढई) वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या हौदात, ओतताना उकळता पाक आबांच्या नडगीवर आला. भरलं, पण कातडं चकचकीत राहिलं, ना केस ना घाम. २०१६ ला तिथंच चिरलं आणि मिटंना. हळद झाली, एरंडेल झालं, तीनदा शुगर झाली. थोरले चुलते म्हणायचे "कॅन्सर गोऱ्या लोकांस्नी होतोय, आपल्याला न्हाई, आन सुरी लागली की पसरतंय". अहो तात्या, काळ्या कातडीचं रंगद्रव्य उन्हापासनं वाचवतं, काहिलीपासनं नाही! असल्या वणातल्या जखमांबद्दल १८२८ ला एका फ्रेंच सर्जननं लिहून ठेवलंय, जुन्या वणात होणाऱ्या कॅन्सरच्या जखमेला आजही त्याच्याच नावानं मार्जोलिन अल्सर म्हणतात.

काठ फ्लॉवरसारखे वर आले, वास मारायला लागला, तेव्हा कुठं आबा तयार झाले. पहिल्या डॉक्टरनं बायोप्सीचा तुकडा जखमेच्या मधनं घेतला, तिथं सगळं सडकंच, रिपोर्टात काहीच नाही, आणि तात्या गावभर सांगत सुटले बघा मी म्हणत होतो. त्यात चार महिने गेले. दुसऱ्यानं काठावरनं घेतला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला, आत 'केराटिन पर्ल' (केराटिन म्हणजे केसा-नखांत असतं ते प्रथिन, पर्ल म्हणजे मोती). तात्या म्हणाले मोती म्हणजे चांगलंच की. पॅथॉलॉजीवाल्या मॅडमनी समजावलं, कातडीच्या तळाच्या थरात पेशी तयार होतात, वर सरकत चपट्या होतात, केराटिन भरून मरतात आणि झडतात. जखम वर्षानुवर्षं उघडी-मिटती राहिली की हा कारखाना सारखा चालू राहतो आणि कधीतरी बिघडतो. मग पेशी केराटिन तर बनवतात पण वर यायच्या ऐवजी आत घुसतात आणि तिथंच त्याच्या गुंडाळ्या होतात, तेच ते मोती.

भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढलं, मांडीचं कातडं लावलं, जांघेतल्या गाठींत कॅन्सर पोचलेला नव्हता. तात्या अजून म्हणतात चिरलं म्हणूनच वाढलं. आधी एवढं फ्लॉवर कुणी चिरून वाढवलं होतं विचारा त्यांना.

बाकी मी डॉक्टर नाही, तुमचं व्हेरिकोज व्हेन्सचं (पायाच्या फुगलेल्या शिरांचं) पण असू शकतं, न भरणारी प्रत्येक जखम कॅन्सर नसते. पण तुकडा काठावरनं घ्या म्हणून सांगा, आणि एकदा काही नाही आलं आणि जखम तशीच राहिली तर परत घ्यायला लावा.