'उत्तर पाहा' दाबण्याआधी

प्रश्न : एमबीबीएस झाल्यावर आठ महिन्यांपूर्वी मी ग्रामीण रुग्णालयात रुजू झालो. रोज छातीचे दहा-बारा एक्स-रे समोर येतात. रेडिओलॉजिस्ट मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. कॉलेजात फिल्म वाचल्या त्या व्हायव्हापुरत्या. कॉम्प्युटरवर सराव करून हे शिकता येईल का?
— एक वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : डॉक्टर, नक्की येईल. सराव कसा करता, एवढंच महत्त्वाचं.

आमचे सर व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावून गप्प उभे राहायचे. आपण काही बोलल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. कॉम्प्युटर असा थांबत नाही. 'उत्तर पाहा'चं बटण बोटाखालीच असतं, आणि उत्तर दिसलं की वाटतं, हे तर मला दिसलंच होतं. म्हणून शेजारी वही ठेवा. काय दिसतंय, कुठे, आणि तुमची खात्री किती, हे लिहून मगच बटण दाबा.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी एका फिल्मवर मला हृदय मोठं दिसलं. तसं लिहिलं आणि पुढची फिल्म घेतली. उजव्या कॉलरबोनच्या मागे, अगदी वरच्या टोकाला, छोटी कॅव्हिटी, म्हणजे फुफ्फुसात पडलेली पोकळी, होती. तीन महिन्यांनी तो माणूस खोकल्यातून रक्त पडतं म्हणून परत आला. जुनी फिल्म काढली, तर कॅव्हिटी तिथेच होती. एक गोष्ट सापडली की नजर तिथेच थांबते, हे मी त्या दिवशी शिकले. आजही काही सापडलं, तरी दोन्ही अपेक्स (फुफ्फुसांची वरची टोकं), हृदयाच्या मागची बाजू, हायलम (फुफ्फुसात रक्तवाहिन्या शिरतात ती जागा), डायफ्रामच्या खाली आणि प्रत्येक बरगडी, हा फेरा पूर्ण केल्याशिवाय मी पुढे जात नाही. अनुभवी नजरसुद्धा फसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुफ्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं होतं, शोधायच्या गाठींच्या सरासरी ४८ पट मोठं. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना ते दिसलं नाही.

दुसरं म्हणजे नॉर्मल फिल्म भरपूर बघा. फक्त आजाराच्याच केसेस पाहिल्या, तर प्रत्येक फिल्मवर डाग दिसू लागतो आणि धडधाकट माणसं रेफर होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने छातीच्या एक्स-रेंचे दोन संच मोफत खुले केले आहेत. अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या १३८ फिल्ममध्ये टीबीच्या ५८, चीनमधल्या शेनझेनच्या ६६२ मध्ये ३३६, बाकीच्या नॉर्मल. कोणाला तरी फाइलची नावं बदलून त्या मिसळून द्यायला सांगा, कारण मूळ नावातच उत्तर असतं. एकेका आजाराच्या केसेस वाचायला रेडिओपीडिया ही वेबसाइट चांगली; फ्रँक गेलार्ड या ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्टने ती २००५ मध्ये सुरू केली.

मोबाइलवर शिकू नका. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत बारीक न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर साठलेल्या हवेची) रेघ पुसून गेलेली असते. खोली अंधारी करा, मोठा स्क्रीन घ्या, मूळ डायकॉम फाइल (एक्स-रे मशीनमधून निघते ती) मिळाली तर तीच उघडा.

आणि तुमच्याच रुग्णालयातली सोन्यासारखी गोष्ट वाया घालवू नका. टीबीचा संशय आलेल्या प्रत्येक फिल्मचं तुमचं वाचन वहीत लिहा आणि थुंकीचा सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) रिपोर्ट आला की शेजारी टिपा. फिल्म स्वच्छ वाटली, तरी दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकी पाठवाच. तीन महिन्यांनी ती वही घेऊन जिल्ह्याच्या रेडिओलॉजिस्टकडे बसा, आणि तुमचं जिथे चुकलं तेवढ्याच फिल्म पुन्हा उघडा.