वाचकांचे प्रश्न : गुन्हेशास्त्र की न्यायवैद्यक?

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. क्रिमिनॉलॉजी करून फॉरेन्सिक लॅबमध्ये नोकरी करायची आहे. घरचे म्हणतात, दोन्ही एकच. खरं काय? (विद्यार्थिनी, चोपडा)

एकच नाहीत, आणि ही गल्लत पुढे भरतीचा फॉर्म भरताना महागात पडते. फॉरेन्सिक म्हणजे न्यायवैद्यक विज्ञान. कपड्यावरचा डाग रक्ताचा आहे का, कुणाचा आहे, पोटात कोणतं विष गेलं, याचं उत्तर ते प्रयोगशाळेत शोधतं. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेशास्त्र. गुन्हा का घडतो, शिक्षेने काय साधतं, पीडिताला न्याय मिळतो का, हे त्याचे प्रश्न. ते समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायद्याच्या जवळचं आहे. लॅबच्या पदांना विज्ञानाची पदवी मागतात, बहुधा रसायनशास्त्र किंवा फॉरेन्सिक सायन्सची. नुसत्या गुन्हेशास्त्राच्या एम.ए.वर तिथे दार उघडत नाही.

लॅबच हवी असेल तर दोन वाटा आहेत. एक, थेट बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स. छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात बी.एस्सी.-एम.एस्सी. असा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून. दुसरी वाट, जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि मग फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. आमचा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे. फॉरेन्सिकची भरती रोज निघत नाही. तोवर रसायनशास्त्राच्या पदवीवर औषध कंपनी, अन्न तपासणी, शिक्षकी पेशा असे बाकीचे रस्ते खुले राहतात.

कामाची गरज मात्र वाढते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७६(३) नुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे.

हे काम टीव्हीवर दिसतं तसं नसतं. रक्ताने ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले की ओलाव्यात जंतू आणि बुरशी वाढून डीएनए नासतो. म्हणून ते सावलीत वाळवून कागदी पिशवीत भरतात. उन्हात वाळवले तरी डीएनएचं नुकसान होतंच. फवारणीच्या औषधाने मृत्यू झाल्याचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बाटली दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही, कारण कुजताना वायू तयार होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हे विसरलं तर झाकण उडतं. नमुना कुणी कुणाच्या ताब्यात कधी दिला याच्या नोंदीत खंड पडला, सील जुळलं नाही, की उत्तम अहवालही कोर्टात लंगडा पडतो. ज्याला अशा बारकाईचा कंटाळा नाही, त्याने यात यावं.

प्रश्न : बी.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्यासाठी यात काही आहे का? (विद्यार्थी, साक्री)

आहे, आणि तुमच्या तालुक्यानेच त्याची गरज दाखवून दिली आहे. १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. कुणाच्या हातात काय होतं ते तपासात कळतं. पण मोबाइलवरच्या अफवेवर गावाचा विश्वास का बसला? भटक्यांवरच संशय का गेला? इथे अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी लोकांच्या नजरेतून गेलेला नाही. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळतात, तिथेही हेच शास्त्र कामाचं.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सोशल वर्कमध्ये गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय घेता येतो. प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेतून. पुढे तुरुंगातलं समाजकार्य, बाल न्याय मंडळाशी जोडलेलं काम, परिविक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा), पीडितांना मदत करणाऱ्या संस्था अशी दारं आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी असतात, हे आधीच लक्षात घ्या. तिथल्या विधी तथा परिविक्षा अधिकारी पदाला एलएल.बी. लागते, म्हणून गुन्हेशास्त्राला कायद्याची जोड देणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत क्रिमिनॉलॉजी स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६८. फौजदार व्हायचं असेल तर यातल्या कशाचीच अट नाही. एमपीएससीला कोणतीही पदवी चालते. उंची पुरुषांना किमान १६५ सें.मी. आणि महिलांना १५७ सें.मी. लागते.

प्रश्न : सहा महिन्यांचा खासगी फॉरेन्सिक डिप्लोमा मुलीला करू द्यावा का? (पालक, नंदुरबार)

नोकरीसाठी म्हणून नको. शासकीय भरतीत पदवी पाहतात, तीही यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य विद्यापीठाची. फी भरण्याआधी विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत स्वतः पाहा. माहितीपत्रकावर विसंबू नका. तेच पैसे गांधीनगरच्या परीक्षेच्या तयारीला लावा, नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने जाता येतं. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर प्रवेशाची मुदत निघून जाते.