अमेरिकेत ड्राफ्टआधी (व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याआधी) कॉलेजचे बेसबॉल खेळाडू कसे पारखतात? सगळे आकडे मशीन देत असताना स्काउट (संघांसाठी खेळाडू पारखणारे) मैदानावर जातातच कशाला?

मी स्काउट नाही, हे आधीच सांगतो. नॉर्थ कॅरोलिनात एम.एस. करताना कॅम्पसवरच करता येईल असं काम हवं होतं, ते मिळालं बेसबॉलच्या मैदानावर. ट्रॅकमॅन नावाचं रडार असतं, त्याच्या लॅपटॉपपुढे बसायचं आणि प्रत्येक चेंडूला फास्टबॉल, स्लायडर, चेंजअप असं नाव लावायचं. दोन सीझन हे केलं. माझ्या बरोबर खाली, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, स्काउट मंडळी बसायची. तुमचा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. वेग, फिरकी, बॅटवरून चेंडू किती जोरात सुटला, सगळं माझ्या स्क्रीनवर. मग ही माणसं सहा-सहा तास गाडी हाणत येतात कशाला?

ड्राफ्ट जुलैत असतो. ३० संघ, २० फेऱ्या. चार वर्षांच्या कॉलेजातला मुलगा तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर त्यात येतो. म्हणजे एकविशीतलं पोर बघून ते सव्वीसाव्या वर्षी काय असेल, हे लिहायचं. त्यासाठी २० ते ८० अशी मोजपट्टी आहे आणि ५० म्हणजे मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला, सरासरी खेळाडू. प्रत्येक कौशल्याला दोन आकडे द्यायचे, एक आजचा आणि एक पुढचा. आजचा आकडा माझं मशीनही देईल. पगार मिळतो तो दुसऱ्या आकड्याचा.

मालिका शुक्रवार ते रविवार चालते आणि हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) शुक्रवारी टाकतो, त्यामुळे शुक्रवारी खाली गर्दी. पिचरने पाय उचलला की पंधरा-वीस रडार गन एकदम वर, चेंडू ग्लव्हजमध्ये आपटला की एकदम खाली. कुणी टाळी वाजवत नाही. उजव्या हाताचा बॅटर आला की दोघं-तिघं उठून पहिल्या बेसच्या बाजूला जायचे, कारण तिथून त्याचे हात आणि छाती समोरून दिसते.

साठीच्या पुढचे एक स्काउट माझ्याशी बोलायचे. एकदा आमच्या एका बॅटरने अंगात घुसलेल्या चेंडूवर सिंगल काढला, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. लॅपटॉपवर सिंगल, स्कोअरबोर्डवर सिंगल. त्यांच्या वहीत मात्र, ‘लाकूड असतं तर मोडलं असतं.’ कॉलेजात धातूची बॅट असते, वर व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडी. म्हणूनच कॉलेज खेळाडूंच्या उन्हाळ्यातल्या केप कॉड लीगला एवढी किंमत आहे, तिथे १९८५ पासून लाकडी बॅटनेच खेळतात. त्याच पोराने पुढच्या वेळी साधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला. आउट होणार हे दिसत होतं, तरी यांचं स्टॉपवॉच चालूच. चेंडू लागल्यापासून पाय बेसवर पडेपर्यंत उजव्या बॅटरला साधारण ४.३ सेकंद म्हणजे ५०. हा ४.६ ला पोचला. पायात दम नाही, की आउटच होतोय म्हणून अंग चोरलं? तेवढ्यासाठी ते मंगळवारी परत आले, जेमतेम शंभर माणसं असलेल्या सामन्याला.

माझे आजोबा खिल्लार बैल घ्यायला खरसुंडीच्या जत्रेत जायचे. दात, खूर बघायचेच, पण मग बैल चालवायला लावून मागून बघत राहायचे. इथेही तेच. सामन्याच्या दोन तास आधी येऊन सरावात पोरगा कसा चालतो, खांदे अजून भरतील का, चूक झाल्यावर कोचकडे कसा बघतो, हे टिपायचं. (माणसाची बैलाशी तुलना बरी नाही, पण ते स्वतः ज्या भाषेत बोलतात ती ऐकली तर तुम्ही मला माफ कराल.)

नजर काय करते याचं माझं आवडतं उदाहरण जेकब डीग्रॉम. स्टेट्सन विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, बॅट यथातथा, हात मात्र तोफ. तिसऱ्या वर्षी पिचिंग सुरू केलं. २०१० मध्ये न्यू यॉर्क मेट्स संघाने नवव्या फेरीत घेतलं ते पिचर म्हणून, आणि २०१८, २०१९ अशी लागोपाठ दोन साय यंग (सर्वोत्तम पिचरची) पारितोषिकं त्याने मिळवली. पण नवव्या फेरीपर्यंत सगळ्याच संघांनी, मेट्ससकट, त्याला सोडलं होतं, हेही खरं.

नुसती नजर पुरत नाही, हेही सांगायला हवं. याच मेट्सनी २०२१ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पिचर कुमार रॉकर याला दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच देऊ केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. रॉकरची आई भारतीय वंशाची, म्हणून आपल्याकडच्या काहींना हे नाव माहीत असेल. शिवाय पैशाचं गणित असतं. तिसऱ्या वर्षाचा मुलगा ‘एवढे नाही दिले तर कॉलेजात परत जातो’ म्हणू शकतो, त्यामुळे कितीला सही करेल याचा अंदाजही स्काउटनेच घरच्यांशी बोलून काढायचा.

आणि कोण आवडलाय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो ना, तसं. मी एकदा त्या साठीच्या पुढच्या स्काउटना सरळ विचारलं, तर म्हणाले, आज हवा छान आहे. त्या वर्षी एका कॅचरसाठी (पिचरचे चेंडू झेलणाऱ्यासाठी) ते अकरा वेळा आले होते, मी मोजलं होतं. जुलैत दुसऱ्याच संघाने त्याला उचललं, यांच्या संघाची पाळी यायला दोन नंबर असताना.