पैशाला पाऊस म्हणणारा देश: बोत्सवानाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की बोत्सवानात चलनाला 'पुला' म्हणतात आणि पुला म्हणजे पाऊस. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, पैशाला पाऊस? कारण काय? आणि हा देश नेमका आहे कुठे?

नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या बरोब्बर डोक्यावर बघा. पश्चिमेला आणि उत्तरेला नामिबिया, ईशान्येला झिम्बाब्वे, आणि झांबियाशी तर सीमा इतकी चिमुकली की दीडेकशे मीटर फक्त, तिथे झांबेझी नदीवर काझुंगुलाचा पूल 2021 मध्ये सुरू झाला, तो सरळ न बांधता वळवून नेलाय कारण सरळ नेला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीत गेला असता. समुद्र कुठूनच नाही. आकाराने साधारण फ्रान्सएवढा पण माणसं अख्ख्या देशात पंचवीसेक लाख, कारण बहुतेक जमीन कलाहारी वाळवंटाची. तिथे वाळूखाली पाणी शोधायचं आणि वर आभाळाकडे बघायचं एवढंच हातात असतं. म्हणून पाऊस म्हणजे आशीर्वाद. सभेत भाषण संपलं की लोक एका आवाजात 'पुला!' ओरडतात. 1976 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं चलन काढलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं, सुट्ट्या पैशाला 'थेबे' म्हणजे ढाल. झेंड्याचा निळा रंगही पाण्याचाच.

अजून एक, मला फार आवडणारी गोष्ट. तिथला एक माणूस मोत्स्वाना, अनेक असले की बात्स्वाना, भाषा सेत्स्वाना आणि देश बोत्सवाना. मूळ शब्द तोच, पुढचं अक्षर बदललं की अर्थ बदलला. आणि राजधानी आपण गॅबोरोन म्हणतो पण सेत्स्वानातला ग घशातून येतो, जवळजवळ ख सारखा, त्यामुळे तिथल्या माणसाच्या तोंडून ते खाबोरोने असंच ऐकू येतं.

प्रश्न: एवढा कोरडा देश, मग ओकावांगोचे हिरवेगार फोटो खोटे का?

अजिबात खोटे नाहीत. पाणी अंगोलाचं आहे. तिथल्या डोंगराळ भागात जानेवारी-फेब्रुवारीत धो धो पाऊस पडतो, तो ओकावांगो नदीतून सपाट वाळूवरून इतका हळूहळू खाली सरकतो की बोत्सवानात पोचून पसरेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे ऐन हिवाळ्यात, जेव्हा तिथे पावसाचा थेंब नसतो आणि आजूबाजूचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, तेव्हा पूर येतो! मग हत्ती, रेडे, लाल लेचवे हरणं सगळी पाण्याकडे धावतात. आणि ही नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटातच पंख्यासारखी पसरते आणि जवळपास सगळं पाणी उन्हाने आणि झाडांमुळे हवेत जातं. 2014 मध्ये जागतिक वारशाच्या यादीतलं हजारावं ठिकाण म्हणून या पंख्यासारख्या पाणथळ प्रदेशाची नोंद झाली.

प्रश्न: हिरे सापडले म्हणून देश श्रीमंत झाला, एवढंच ना? नशीब!

हा प्रश्न तिघांनी विचारलाय आणि याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय, कारण हिरे काँगोत सापडले, सिएरा लिओनमध्येही सापडले, तिथे केवढा रक्तपात झाला ते आपण बघितलंय.

आधी थोडं मागे जाऊ. 1885 पासून हा भाग ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली, नाव बेचुआनालँड. दहा वर्षांनी सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवादी ब्रिटिश उद्योगपतीच्या कंपनीला तो गिळायचा होता. तेव्हा तिथल्या तीन जमातींचे राजे, खामा (तिसरा), सेबेले (पहिला) आणि बाथोएन (पहिला), बोटीत बसून थेट इंग्लंडला गेले, गावोगावी चर्चमध्ये सभा घेतल्या, लोकमत आपल्या बाजूने वळवलं आणि मंत्री चेंबरलेनला भेटून सांगितलं की आम्हाला कंपनीच्या हाती देऊ नका. देश वाचला. पण इंग्रजांनी तिथे खर्चही केला नाही, इतका की कारभार चालायचा तो देशाबाहेरच्या माफेकिंगहून, दक्षिण आफ्रिकेतून.

त्याच खामाचा नातू आणि गादीचा वारस सेरेत्से. लंडनला शिकायला गेला आणि 1948 मध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. शेजारी दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी वर्णभेदाचं सरकार आलेलं, त्यांचा थयथयाट, घरात चुलत्याचा विरोध. आता तिथे 'खोत्ला' नावाची पद्धत आहे, म्हणजे गावसभा, लाकडी ओंडक्यांच्या अर्धगोल कुंपणात सगळे जमतात आणि कुणालाही बोलायची मुभा असते, राजालाही ऐकून घ्यावं लागतं. 1949 मध्ये सेरोवे गावच्या खोत्लात सेरेत्सेने उभं राहून विचारलं, माझ्या बायकोला कुणाकुणाचा विरोध आहे त्यांनी उभं राहा. मोजकेच उठले. मग विचारलं, कुणाला मान्य आहे? हजारो माणसं उठली आणि 'पुला! पुला!' चा एकच गजर झाला. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं. तरी दक्षिण आफ्रिकेची मर्जी राखायला इंग्रजांनी त्याला देशाबाहेर काढलंच, 1956 मध्ये गादीवरचा हक्क सोडल्यावर परत येऊ दिलं. तोच माणूस 30 सप्टेंबर 1966 ला पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

त्या दिवशी देशात डांबरी रस्ता होता फक्त 12 किलोमीटर आणि पदवीधर 22. वर दुष्काळाने गुरं मेलेली, आणि तिथे गुरं म्हणजेच संपत्ती.

आता हिऱ्यांकडे येते. ओरापाचे हिरे सापडले 1967 मध्ये, आणि ओरापा सेरेत्सेच्या स्वतःच्या बांग्वातो जमातीच्या मुलखात. तो म्हणू शकला असता की हे आमचं. पण त्याच वर्षी कायदा झाला की जमिनीखालचं सगळं देशाचं, कुठल्या एका जमातीचं नाही. माझ्या मते देश घडला तो इथे. पुढे डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीशी बोलणी करून सरकारने खाणीतला हिस्सा 15 वरून 50 टक्क्यांवर नेला, 1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली जी किमतीच्या हिशोबाने जगातली सगळ्यात श्रीमंत हिऱ्यांची खाण मानतात, आणि तो पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यात गेला. म्हणून नशीब म्हणू नका, प्लीज.

प्रश्न: मग आता तिथे सगळं छान चाललंय का?

नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. अख्खा देश एका खड्याच्या भरवशावर उभा राहिला आणि आता कारखान्यात तयार होणारे हिरे बाजारात आलेत, स्वस्त, नुसत्या डोळ्याने फरकही कळत नाही. भाव पडले, खाणींचं उत्पादन कमी करावं लागलं, सरकारची तिजोरी आटली. ऑगस्ट 2025 मध्ये तर दवाखान्यांत औषधंच कमी पडली म्हणून राष्ट्राध्यक्षांना आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. हे त्या देशात झालं ज्याने एड्सने माणसं पटापट मरत असताना 2002 मध्ये आफ्रिकेत सगळ्यात आधी सरकारी खर्चाने फुकट औषधं द्यायला सुरुवात केली होती, आणि आईकडून बाळाला होणारी लागण इतकी खाली आणली की 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची खास दखल घेतली.

तरुणांना काम नाही हा राग वेगळाच. ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सलग सत्तेत असलेला पक्ष 61 पैकी 4 जागांवर आला आणि ड्युमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. आणि बघा, आधीचे राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी पूर्ण निकाल लागायच्या आतच हार मान्य केली, कुठे दगड नाही की गोळी नाही. नवीन सरकारने डी बिअर्सशी करार केलाय की खाणीतून निघणाऱ्या हिऱ्यांपैकी सरकार स्वतः विकतं तो वाटा हळूहळू 50 टक्क्यांपर्यंत वाढवायचा. पण खपच कमी झाला तर वाटा वाढून किती उपयोग, ही काळजी आहेच.

प्रश्न: हत्तींची शिकार परत चालू केली हे खरं का?

खरं आहे. 2014 ला बंदी, 2019 ला उठवली. जगात सगळ्यात जास्त हत्ती तिथेच, 1,30,000 च्या आसपास. शिकार मला स्वतःला बघवणार नाही, पण रात्रीत ज्याचं उभं शेत तुडवलं जातं त्याचं म्हणणंही ऐकायला हवं.

प्रश्न: 'बुशमन' लोकांबद्दल काहीच लिहिलं नाहीत?

बरं केलंत विचारलंत. सान लोक, तिथे बासार्वा म्हणतात, कलाहारीत इतर सगळ्यांच्या आधीपासून आहेत. 1961 मध्ये मध्य कलाहारीचं राखीव क्षेत्र केलं तेव्हा त्यांनी तिथे राहावं असंच ठरलं होतं, पण 1997 आणि 2002 मध्ये सरकारने त्यांना बाहेरच्या वस्त्यांमध्ये हलवलं. 2002 ला तर जायला तयार नसलेल्यांची बोअरवेल बंद केली. वाळवंटात! ते कोर्टात गेले, 2006 मध्ये हायकोर्टाने सांगितलं की त्यांना काढणं बेकायदेशीर होतं. तरी पाणी मिळेना. परत कोर्ट, हायकोर्टात हरले, अपील केलं आणि शेवटी जानेवारी 2011 मध्ये वरच्या कोर्टाने त्यांना स्वतःच्या खर्चाने ती बोअरवेल वापरायचा हक्क दिला. पैशाला पाऊस म्हणणाऱ्या देशात पाण्यासाठी नऊ वर्षं लागली.