सॉर्टेक्समध्ये माल फार निघतो म्हणून धानाचा भाव कापला, तर काय तपासावं?

प्रश्न (लाखनी तालुका, जि. भंडारा): कापणीनंतर बांधीतच (धानाच्या शेतात) कडपा, म्हणजे कापून पसरलेलं धान, भिजल्या. आता मिलवाले म्हणतात, सॉर्टेक्समध्ये (रंग पाहून दाणा छाटणाऱ्या मशीनमध्ये) फार माल बाहेर पडतो, भाव कमी मिळेल. हे खरं का? आमच्या गटानं स्वतःचं सॉर्टेक्स घ्यावं का?

उत्तर: मिलवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं, पण अर्धंच. आधी एवढं विचारा, की नुकसान कणीचं (तुटलेल्या दाण्याचं) आहे की रंगाचं? दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

सॉर्टेक्स हे मुळात लंडनच्या एका कंपनीचं नाव. आपल्याकडे रंग पाहून दाणा छाटणाऱ्या कोणत्याही मशीनला तेच नाव पडलंय. पॉलिश झालेला तांदूळ उतरत्या पन्हाळीवरून एकेरी धारेत पडतो, दोन्ही बाजूंचे कॅमेरे प्रत्येक दाणा पाहतात आणि पिवळा, काळा, डागी दाणा दिसताच हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पोटात पांढरा डाग असलेला दाणाही सेटिंग केल्यास निघतो.

कणी मात्र त्याआधीच, तूस काढताना आणि पॉलिश करताना पडते. कडपा वाळून पुन्हा भिजल्या की दाण्याला आतून आडव्या चिरा जातात. सोललेले पंचवीस-तीस दाणे काचेवर ठेवून खालून मोबाइलची बॅटरी लावा, चिरा दिसतील. डांबरी सडकेवर भर उन्हात घाईनं वाळवलेल्या धानाचीही हीच गत होते. (सडक फुकट मिळते, पण कणीच्या रूपानं पैसे वसूल करते.)

पिवळेपणा येतो ओल्या ढिगातून. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, तर दाण्याचा रंग बिघडायला लागलाच म्हणून समजा. काळे डाग बुरशीचे असतात, किंवा लोंबी दुधावर (दाणा कोवळा) असताना ढेकण्या किडीनं रस शोषल्याचे.

आता तपासणी. दहा-बारा पोत्यांच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं धान काढून मिसळा. एकाच पोत्याच्या तोंडचा नमुना फसवतो. त्यातलं किलोभर भरडून घ्या आणि 100 ग्रॅम तांदूळ काळ्या कापडावर पसरा. अख्ख्या दाण्याच्या पाऊण भागापेक्षा लहान ते तुकडे वेगळे, पिवळे-काळे वेगळे, निम्म्याहून जास्त खडूसारखे पांढरे वेगळे. लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक ढीग तोला. जितके ग्रॅम तितके टक्के. हा कागद खिशात ठेवूनच भावाचं बोला.

मिलमध्ये गेल्यावर सॉर्टेक्सनं बाहेर टाकलेला माल मूठभर मागून घ्या. हवेच्या झोताबरोबर शेजारचे थोडे चांगले दाणे उडतातच. म्हणून तो माल पुन्हा एकदा मशीनमधून काढतात. मुठीत निम्मे दाणे चांगले दिसले, तर सेटिंग फार कडक आहे किंवा दुसरी फेरी घेतलेली नाही. त्याचा भुर्दंड तुमच्या धानावर टाकू देऊ नका.

राहिलेलं धान दोन-तीन बोटं जाडीच्या थरात वाळवा, अर्ध्या-पाऊण तासानं फिरवा, दुपारचं ऊन फार कडक असेल तर आणि रात्री दव पडायच्या आत झाका. शासकीय खरेदीत ओलाव्याची मर्यादा 17 टक्के आहे. भरडाईसाठी मात्र 13 ते 14 टक्के हवा. भिजलेलं आणि कोरडं धान एकाच पोत्यात भरू नका. एका बांधीच्या भिजलेल्या धानापायी सगळ्या मालाचा भाव पडतो, हे मी दरवर्षी पाहतो.

गटाच्या मशीनबद्दल: माझं मत सध्या नको. सॉर्टेक्सला कोरडी दाबाची हवा देणारा कॉम्प्रेसर, स्थिर वीज आणि धूळ ओढणारी व्यवस्था लागते. शिवाय आधी खडे काढणारं आणि कणी वेगळी करणारं यंत्र हवंच. एवढा सरंजाम दीड-दोन महिन्यांच्या हंगामासाठी परवडत नाही. भाड्यानं छाटणी करून देणारी मिल शोधा आणि आधी भिजलेल्या व कोरड्या धानाचं एकेक पोतं वेगवेगळं काढून दोन्हींचा उतारा, म्हणजे किती तांदूळ निघाला ते, लिहून घ्या.